लस दंडापर्यंत पोचवताना : प्रस्तावना

२०१८ साली ऐन पावसाळ्यात, १४ जुलै ते २५ ऑगस्ट या सहा आठवड्यांत, नवी मुंबईत १,१३,४२० मुलांना टायफॉइडची लस टोचण्यात आली. नऊ महिन्यांच्या तान्ह्यापासून चौदा वर्षांच्या शाळकरी पोरापर्यंत सगळी मुले त्यात होती. टायफॉइडची नवी कॉन्ज्युगेट लस सरकारी यंत्रणेमार्फत सार्वजनिक मोहिमेत देण्याचा जगातला हा पहिला प्रसंग. ती जोखीम कुठल्या देशाच्या आरोग्य खात्याने घेतली नाही, एका महानगरपालिकेने घेतली. १ जानेवारी १९९२ रोजी जन्मलेल्या, म्हणजे तेव्हा सव्वीस वर्षांच्या असलेल्या या महापालिकेबद्दल मला त्यासाठी मनापासून आदर आहे.

लशीचे श्रेय ती शोधणाऱ्यांना मिळते आणि ते मिळायलाच हवे. पण १,१३,४२० मुलांना लस टोचली याचा अर्थ १,१३,४२० वेळा कुणीतरी सिरींजचे पाकीट फाडले, कुपी उलटी धरून अर्धा मिलिलिटर मोजून ओढला, रडणाऱ्या मुलाचा दंड किंवा मांडी धरली, सुई टोचली, ती नीट टाकली आणि कागदावर नोंद केली. यातली एखादी पायरी चुकली तर प्रयोगशाळेत सिद्ध झालेली उत्तम लसही निरुपयोगी ठरते, कधी घातकही ठरते. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे: एकाच वेळी हजारो-लाखो लोकांना टोचायचे असते तेव्हा ती लस शरीरात नेमकी कशी पोचवायची. माझ्या मते कोणत्याही मोहिमेचे निम्मे यश या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते आणि आपल्याकडे त्याची चर्चा मात्र फार कमी होते.

या प्रश्नाचा इतिहास मुंबईकरांच्या अगदी दाराशी आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतात ही लस घेणारी ती पहिली व्यक्ती. लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आली होती. तेव्हा बर्फ नव्हता, कुपी नव्हती, सिरींजही नव्हती. लस टिकवण्याची भरवशाची रीत एकच होती. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव काढून दुसऱ्याच्या दंडात घालायचा, त्याच्याकडून तिसऱ्याच्या. अ‍ॅनाच्या दंडावरून निघालेली लस अशीच हातोहात, दंडोदंडी पुणे-सुरतेकडे आणि पुढे देशभर गेली. ही साखळी अद्भुत होती आणि धोक्याचीही होती, कारण द्रवाबरोबर एका शरीरातला दुसरा आजारही पुढच्या शरीरात जाऊ शके. युरोपात या पद्धतीने उपदंश पसरल्याची उदाहरणे आहेत. सामूहिक लसीकरणाचा मूळ पेच इथेच दिसतो. एकाला वाचवणारी टोचणी पुढच्याला अपाय करणार नाही, याची हमी कशी द्यायची?

दुसरा धडा प्लेगच्या काळातला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली आणि मग लाखो लोकांना ती लस मिळाली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल या गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना परळच्या प्रयोगशाळेतून दूर करण्यात आले. लशीत दोष नव्हता. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला होता. हे सिद्ध व्हायला आणि हाफकिन यांच्या नावावरचा डाग पुसायला १९०७ साल उजाडले. परळची तीच प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते. लसीकरणाच्या प्रशिक्षणात मुलकोवालची हकिगत पहिल्या तासाला सांगितली पाहिजे असे मला वाटते. मुंबईत केलेली उत्तम लस सुमारे हजार मैल लांब जाऊन शेवटच्या वितभर अंतरात नासली, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशातून होत नाही.

देवीच्या निर्मूलनाची कथा इथे थोडक्यात पुरे. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर ‘देवी काढल्याच्या’ खुणा होत्या. शेवटच्या टप्प्यात जिने काम फत्ते केले ती सुई दोन टोकांची, इवल्या काट्यासारखी होती. बेंजामिन रुबिन यांनी १९६५ च्या सुमारास ती घडवली. लशीत बुडवली की दोन टोकांमध्ये मोजका थेंब अडकायचा. त्वचेवर झपाझप पंधरा टोचे मारायचे की झाले. लस जुन्या पद्धतीच्या जेमतेम चौथाईवर भागायची आणि ज्याला शाळेचे तोंड ठाऊक नाही त्यालाही ही कला थोडक्या वेळात शिकवता यायची. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. इतक्या साध्या अवजाराने इतके मोठे काम क्वचितच झाले असेल.

त्याच काळात जगात दुसरे एक अवजार जोरात होते: जेट इंजेक्टर, म्हणजे बिनसुईची बंदूक. द्रवाची बारीक धार प्रचंड दाबाने थेट कातडीतून आत जायची. पायाने दाब भरायचा, चाप ओढायचा, पुढचा माणूस. तासाला हजार माणसे उरकता येत. पश्चिम आफ्रिकेत आणि अमेरिकी सैन्यात ती भरपूर वापरली गेली. लोक एका ठिकाणी रांगेत उभे असतील तिथे ती उत्तम. दारोदार, वाडी-वस्तीवर जायचे असेल तिथे दोन टोकांची सुईच बरी. पण बंदूक मागे पडली ती वेगळ्याच कारणाने. धार कातडीवर आदळली की रक्ताचा सूक्ष्म अंश उलटा नळीच्या तोंडाशी येई आणि पुढच्या माणसाकडे जाई. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका दवाखान्यात अशाच बंदुकीतून हिपॅटायटिस बी पसरल्याचे उघड झाले. १९९७ मध्ये अमेरिकी सैन्यानेही ती बाजूला ठेवली. म्हणजे १८०२ चा पेच पावणेदोनशे वर्षांनी, पोलादी रूप घेऊन, पुन्हा समोर उभा राहिला होता.

इजिप्तमध्ये जे झाले ते याहून भयंकर. तिथे नाईलच्या पाण्यातून होणाऱ्या शिस्टोसोमियासिसवर सरकारने काही दशके गावोगाव इंजेक्शनची मोहीम चालवली. त्या इंजेक्शनांत लस नव्हती, औषध होते. काचेच्या सिरींज घाईघाईत उकळून पुन्हा वापरल्या जात. आजार आटोक्यात आला, पण हिपॅटायटिस सी सबंध पिढीच्या रक्तात उतरला. हेतू चांगला, औषध योग्य, आणि तरीही असा परिणाम.

आपल्याकडेही ‘इंजेक्शन दिल्याशिवाय बरे वाटत नाही’ या समजुतीवर दवाखाने चालत आले आहेत. २००४ च्या सुमारास झालेल्या देशव्यापी पाहणीत जवळजवळ दोन-तृतीयांश इंजेक्शने असुरक्षित आढळली. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा परिसरात वापरलेल्या सिरींजमधून पसरलेल्या काविळीने कित्येक बळी घेतले. ही पार्श्वभूमी ठाऊक असली म्हणजे एडी सिरींजचे महत्त्व पटते. एडी म्हणजे ऑटो-डिसेबल, एकदा वापरली की स्वतःच निकामी होणारी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९९ मध्ये सगळ्या देशांनी लसीकरणासाठी हीच सिरींज वापरावी असा आग्रह धरला. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती २००५-०६ पासून रुळली.

ही सिरींज एकदा हातात घेऊन बघावी. दिसायला साधीच. आत दट्ट्याला एक बारीक धातूची पट्टी अडकवलेली असते. दट्ट्या एकदा मागे ओढला आणि एकदा पुढे ढकलला की ती पट्टी नळीच्या भिंतीत रुतते. मग कितीही जोर लावा, दट्ट्या परत मागे येत नाही. ओढाताण केली तर मोडतो. याचे काही परिणाम वापरणाऱ्याला शिकावे लागतात. जुन्या सिरींजने कुपीत आधी थोडी हवा सोडायची सवय असते. एडीमध्ये तसे केले तर ती तिथेच कामातून जाते. म्हणून सुई कोरडीच कुपीत घालायची, कुपी उलटी करून सुईचे टोक द्रवात बुडलेलेच राहील असे धरायचे, खुणेच्या किंचित पुढे ओढायचे, टिचकी मारून बुडबुडे वर आणायचे आणि हळूच ०.५ वर आणून थांबायचे. टोचल्यावर रक्त येते का हे पाहायला दट्ट्या मागे ओढायचा नाही. ते शक्य नसते आणि लसीकरणात त्याची गरजही नसते. सुईवर पुन्हा टोपण चढवायचे नाही. सुई थेट हब कटरच्या तोंडात द्यायची. ती बुडापासून कापली जाऊन डब्यात पडते आणि प्लॅस्टिकचा भाग लाल पिशवीत जातो. सराव झालेल्या सिस्टरचे हे सगळे अर्ध्या मिनिटात होते. तेवढ्यात तिने मुलाच्या आईला लशीचे नाव आणि ताप आला तर काय करायचे हेही सांगितलेले असते.

कोणती लस कुठे आणि किती खोल द्यायची, हा तक्ता या पुस्तकात सविस्तर आहे. त्यामागचे तर्क मात्र इथे सांगायला हवेत. बीसीजी डाव्या दंडावर, कातडीच्या आत, फार तर ०.१ मिलिलिटर; सुई जवळजवळ आडवी धरायची आणि मसुराएवढी गाठ उठली तरच ती बरोबर बसली. गोवर-रुबेला उजव्या दंडावर, कातडीखाली. टायफॉइड कॉन्ज्युगेट स्नायूत, सरळ नव्वद अंशांत. लहान बाळाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कारण त्याच्या दंडात तेवढा स्नायूच नसतो. या जागा ठरलेल्या असल्याने उद्या कुठे सूज आली तर ती कोणत्या लशीची हे लगेच कळते. खोलीमुळे लशीची मात्राही बदलते. २०१६ मध्ये पोलिओच्या इंजेक्शनचा जगभर तुटवडा होता. तेव्हा भारताने स्नायूत द्यायच्या ०.५ ऐवजी कातडीच्या आत ०.१ मिलिलिटर, म्हणजे पाचवा हिस्सा, दोन वेळा द्यायला सुरुवात केली. कातडीत रोगप्रतिकारक पेशींची दाटी असते, म्हणून थोडक्यात भागते. टोचण्याची रीत बदलून अख्ख्या देशाची टंचाई निभावता येते, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. पण कातडीच्या आत अचूक टोचायला हात तयार असावा लागतो. तो तयार करण्याचा खर्च कुठल्याच लशीच्या किमतीत धरलेला नसतो.

नवी मुंबईच्या मोहिमेला एक गोष्ट सोयीची होती. टायफॉइडची ती लस तयार द्रवरूपात येते. गोवर-रुबेलाचे तसे नाही. ती भुकटी असते आणि सोबतच्या द्रावणात मिसळावी लागते. मिसळल्यावर चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. मोठे घात या मिसळण्यात होतात. नवी मुंबईची मोहीम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, ६ जुलै २०१८ ला, प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर दोन बाळे दगावली. भुकटीत द्रावणाऐवजी भुलीचे औषध मिसळले गेले होते. लसीकरण काही महिने थांबले, आईबापांचा विश्वास उडाला आणि २०१९ च्या अखेरीस त्या चिमुकल्या देशात गोवराच्या साथीने ८३ जण गेले. त्यातली बहुतेक लहान मुले होती. एका टेबलावर, एका क्षणी, चुकीची कुपी उचलली गेली आणि त्याची किंमत वर्षभराने दुसऱ्याच मुलांनी मोजली. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रभर नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेलाची मोहीम झाली तेव्हा लाखो वेळा हे मिसळण्याचे काम शाळांच्या वर्गांत, व्हरांड्यांत, बाकांवर झाले. ते ज्यांनी निभावले त्यांची नावे कुठेच छापून येत नाहीत.

आता पुन्हा नवी मुंबईकडे. या शहराची घडण मोहिमेच्या दृष्टीने अवघड आहे. सिडकोने आखलेले, सेक्टरांत विभागलेले वाशी-नेरुळ-बेलापूर एकीकडे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना लागून, डोंगराच्या कडेला वाढलेल्या दिघा-तुर्भ्याच्या वस्त्या दुसरीकडे. मध्ये जुनी आगरी-कोळी गावठाणे. शहराला पाणी मोरबे धरणातून येते, पण टायफॉइड धरणापाशी होत नाही. तो नळ, टाकी, हंडा आणि हात यांच्या दरम्यान होतो. त्यामुळे एकाच शहरात कुणासाठी लस ही जादाची सुरक्षा असते तर कुणासाठी ती पहिली आणि एकमेव भिंत. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन अडवतो, वस्तीत आई-बाप दोघेही कामावर गेलेले असतात. दोन्हीकडे जाणारी आशा सेविका तीच आणि तिच्या खांद्यावरचा लशीचा डबाही तोच. आतल्या आइसपॅकच्या भरवशावर दोन ते आठ अंशांचे गणित दिवसभर सांभाळायचे.

शहराच्या २२ नागरी आरोग्य केंद्रांपैकी ११ केंद्रांच्या हद्दीत पहिला टप्पा झाला. उरलेल्या अकरांना पुढच्या टप्प्यात घ्यायचे ठरले. मनुष्यबळाचा प्रश्न त्याने सुटलाच, शिवाय तुलनेची सोय झाली. जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकेचे सीडीसी आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ यांच्या साथीने पुढची दीड वर्षे दोन्ही भागांतल्या मुलांचे रक्त कल्चरसाठी तपासले गेले. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोहीम झालेल्या भागातल्या मुलांत टायफॉइड ५६ टक्क्यांनी कमी आढळला. लस प्रत्यक्ष घेतलेल्या मुलाला मिळालेले संरक्षण मात्र ८० टक्क्यांच्या आसपास होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. लस तीच होती. पण पहिल्या टप्प्यात पात्र मुलांपैकी ७१ टक्क्यांपर्यंतच ती पोचली. या दोन आकड्यांमधल्या फरकाचा मोठा हिस्सा राहून गेलेल्या मुलांचा आहे आणि तो भरून काढणे कुठल्याही कारखान्याच्या हातात नाही. मोहिमेची वेळ, जागा, नोंद, समजूत घालण्याची तयारी आणि टोचणाऱ्या हातांची संख्या यांतूनच तो भरतो. माझ्या लेखी नवी मुंबईने जगाला दिलेला खरा धडा हा आहे, आणि मोहिमा आखणाऱ्या प्रत्येक शहराने तो वाचावा.

बिनसुईचे दिवस येणार का, असे नेहमी विचारले जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये झायकोव-डी या कोविडवरच्या डीएनए लशीला आपल्याकडे आपत्कालीन परवानगी मिळाली. ती सुईविना, कातडीत शिरणाऱ्या बारीक धारेने द्यायची होती. महाराष्ट्रातून नाशिक आणि जळगाव जिल्ह्यांची तिच्यासाठी निवड झाली. जुन्या बंदुकीचा दोष यात नव्हता, कारण धार सोडणारे तोंड प्रत्येकाला नवे. मात्र लशीचे तीन डोस, त्यासाठी वेगळे उपकरण आणि वेगळे प्रशिक्षण, हे ओझे चालत्या मोहिमेला सोसवले नाही. सूक्ष्म सुयांची पट्टी अधिक आशादायक वाटते. कातडीवर चिकटवायची, काही मिनिटांनी काढायची. गोवर-रुबेलाच्या अशा पट्टीचे गॅम्बियातल्या बाळांवरचे चांगले निष्कर्ष २०२४ मध्ये आले आहेत. ती आली तर भुकटी मिसळण्याचा धोका आणि सुयांचा कचरा दोन्ही जातील. फाटकावरचा वॉचमन आणि कामावर गेलेली आई मात्र तिथेच असतील.

हे पुस्तक आरोग्यसेविका, आशा, वैद्यकीय अधिकारी यांच्या उपयोगाचे आहेच, पण आई-वडिलांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे. लसीकरणाच्या टेबलाशी त्यांना काही गोष्टी विचारण्याचा पूर्ण हक्क आहे: सिरींजचे पाकीट आपल्यासमोर फोडले का, कुपीवरच्या लेबलावर मुदत कोणती, त्यावरच्या गोलातल्या चौकोनाचा रंग अजून फिका आहे ना, कारण तो गोलाइतका गडद झाला की लस उष्णतेने बिघडली असे समजायचे, भुकटीची लस असेल तर ती किती वाजता मिसळली, आणि टोचल्यावर अर्धा तास बसायला जागा आहे का. कामाची जाण असलेल्या सिस्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. ती कुपी वळवून लेबल दाखवते आणि पुढच्या मुलाची बाही वर करते.